चिंचेवरची चिडीचूप शाळा

दोष म्हाताऱ्या घुबडाचाच. फार जुन्या काळी चिंचेवरच्या पिलांच्या शाळेत साळुंकी नवी बाई म्हणून आली, तेव्हा ढोलीबाहेर दिवसभर डुलक्या काढणारा हा हेडमास्तर म्हणाला, "पहिल्याच दिवशी टोचा, बाई. वर्ग कसा चिडीचूप हवा!" शिस्त कसली, त्याला झोप हवी होती.

बाईंनी टोचलं. घुबड निवांत घोरू लागलं. साळुंकीला मात्र नवल वाटायचं, पोरांची चिवचिव गेली कुठं?

एका दुपारी सगळी पिलं घुबडाच्या ढोलीकडं टक लावून बसली.

"काय बघता रे? सांगा, टोचत नाही."

"नक्की ना, बाई?" चिमणीचं पोर कुजबुजलं. "मघाशी साप आत शिरला. पण बोललं की टोचता ना तुम्ही!"

साळुंकी किंचाळली, तसं घुबड दचकून जागं झालं. तोवर ढोलीतली त्याची सगळी अंडी सापानं गिळली होती.