जीपची घंटा

गाड्या तोंडानं बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. घाटातल्या एका गोठ्यात सगुणाबाईंची जीप आणि चंद्री म्हैस शेजारी-शेजारी राहायच्या.

एकदा सगुणाबाईंनी बाजारातून दोन यंत्रं आणली. एक वाट सांगणारं आणि दुसरं, गाडी कुठं आहे ते घरच्यांना मोबाइलवर दाखवणारं. "यातलं एकच बसवणार. कुठलं ते तूच सांग," त्या जीपला म्हणाल्या.

जीप फणकारली. "मला वाट शिकवणार? या घाटात माझी चाकं झिजली! आणि ते दुसरं तर लांबच ठेवा. माझ्यावर पाळत ठेवायला मी काय चोर आहे?"

रवंथ करता करता चंद्री हसली. "अगं भवाने, माझ्याही गळ्यात घंटा आहे. मी चोर म्हणून बांधलीय होय? संध्याकाळी रानातून ती ऐकू आली, की बाईंचा जीव भांड्यात पडतो. मोकाट गुराला कोण घंटा बांधतंय?"

जीपनं दोन्ही दिवे लख्ख पेटवले.

"बाई," ती ऐटीत म्हणाली, "ते वाटेचं यंत्र वाट चुकणाऱ्याला द्या. माझी घंटा मला बांधा."