स्तुतीची पायली

करंजगडच्या सरकारी कोठारात ज्वारीऐवजी उंदीर राहायला आले आणि काही दिवसांत तेही कंटाळून निघून गेले. तेव्हा प्रधान नीळोपंतांनी चूलपट्टी काढली. दर चुलीमागे दरमहा पायलीभर ज्वारी सरकारजमा करायची.

"अत्यंत न्याय्य कर आहे, महाराज," पंत म्हणाले. "राव असो की रंक, चूल प्रत्येकाकडे असतेच."

ते खरंच होतं. चाळीस खोल्यांच्या सरदारवाड्यात एक चूल होती आणि तेली आळीतल्या साठ खोपटांत साठ. सरदार एक पायली देत, आळी साठ देई. त्या वर्षी पाऊसही जेमतेम झालेला. दुसऱ्या महिन्यापासून आळीतल्या बायका मुलांना एक वेळ जेवू घालून दुसऱ्या वेळी गोष्टी सांगून झोपवू लागल्या.

आळीत भिवरा नावाची तेलीण होती. एका घाण्यावर तिचं पाच माणसांचं घर चाले. तिसऱ्या महिन्यात तिने साठही घरांच्या चुली फोडायला लावल्या आणि आळीच्या मधोमध एकच लांबलचक चुलाण खणलं. लग्नघरासारखा साऱ्यांचा स्वयंपाक तिथेच होऊ लागला. वसुलीचा कारकून आला, आळीभर फिरला आणि एक पायली घेऊन गेला. आठवड्याभरात इतर आळ्यांनीही तेच केलं.

राजा धैर्यधराने भिवराला दरबारात बोलावलं.

"तू राज्य बुडवायला निघालीस?"

"नाही महाराज. कर चुलीवर होता. जेवढ्या चुली, तेवढा भरला. गरिबांकडे याहून जास्त द्यायला काही नाही."

"फार अक्कल आहे ना? मग कोठार तूच भर," राजा म्हणाला. "गरिबांकडून घ्यायचं नाही, कारण त्यांच्याकडे काही नाही असं तूच म्हणतेस. सरदारांवर कर बसवायचा नाही, त्यांना आजोबांच्या काळापासून माफी आहे. आणि देणाऱ्याने हसत दिलं पाहिजे. पंधरा दिवस देतो. नाही जमलं तर तुझा घाणा जप्त."

भिवराने एकच विनंती केली. आजचा दिवस दरबारात कोपऱ्यात बसू द्यावं.

ती दिवसभर ऐकत बसली. कालव्याला तडा गेल्याची बातमी आली, तेव्हा पंत म्हणाले, "आपण साक्षात सूर्य आहात." पूर्वेकडच्या गावांत दाणा उरला नाही असं कळलं, तेव्हा एक सरदार म्हणाले, "आपण कल्पवृक्ष, कामधेनू आणि मेघराज आहात." कालवा आणि गावं तशीच राहिली.

संध्याकाळी भिवरा उठली. "महाराज, कोणावरही कर नको. फक्त दरबारात तुमची स्तुती करायची असेल, तर त्याला ज्वारीचा दर लावा. एका उपमेला पाच पोती."

नीळोपंत ताडकन उठले. "सरदारांना माफी आहे!"

"करात माफी आहे, पंत. हा कर कुठे आहे? ज्याला परवडत नाही त्याने गप्प बसावं. कोणाची जबरदस्ती नाही."

राजाला गंमत वाटली. त्याने कारकुनाला दाराशी बसवलं.

दुसऱ्या दिवशी दरबारात कमालीची शांतता होती. राजाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पंतांकडे वळला.

"पंत, काल मी सूर्य होतो. आज काय झालं?"

पंतांनी घाम पुसला. "आजही आहात, महाराज."

"पाच पोती," कारकून म्हणाला.

मग सरदारांचीही अडचण झाली. पंतांनी पाच पोती दिली असताना आपण गप्प राहिलो तर महाराज काय समजतील? एकाने सागर म्हटलं, दुसऱ्याने हिमालय. तिसऱ्याने शेजाऱ्यावर मात करायला एका दमात चौदा उपमा दिल्या आणि खाली बसताना त्याचा चेहरा पांढरा पडला. पण सगळे हसत होते. न हसून सांगतात कोणाला?

चौदाव्या दिवशी कोठाराचं दार लागेना. राजा स्वतः जाऊन ज्वारीची रास पाहून आला आणि त्याने भिवराला बोलावलं.

"जिंकलीस. पण एक सांग. इतक्या दिवसांत तू माझ्याबद्दल एकही चांगला शब्द बोलली नाहीस."

"परवडत नाही, महाराज."

राजा इतका हसला की मुकुट सावरायला दोन सेवक धावले. पंतही हसले. हसण्याला अजून दर नव्हता.

"चूलपट्टी आजपासून रद्द," राजा म्हणाला. "घाणा तुझाच, शिवाय एक बैलजोडी घेऊन जा. आणि माझी स्तुती तुला कायमची फुकट. बोल आता."

भिवराने कोठाराकडे बोट दाखवलं.

"मग ही ज्वारी आधी पूर्वेकडच्या गावांत वाटा, महाराज. बोलायला काहीतरी हवं ना."

राजा पुन्हा हसू लागला आणि हसता हसताच त्याने कोठाराच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या.