मधला कोरा कागद

नुकत्याच छापलेल्या कागदावरून कधी बोट फिरवून पाहिलंय का तुम्ही? पाहिलं असेल, तर काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. अक्षरं ओढली जातात, बोट रंगतं आणि कागद वाया जातो. छापून झालं म्हणजे शाई वाळली असं नसतं. वरून कोरडी दिसली तरी ती बराच वेळ ओली असते.

बाजाराच्या एका गावात दाजीबा नावाचा छापखानेवाला राहत होता. पायाने चालवायचं एक जुनं यंत्र, शिशाच्या अक्षरांचे लाकडी खण आणि शाईचे डबे, एवढाच त्याचा पसारा. त्यावर तो जत्रेची पत्रकं छापी, दुकानांच्या जाहिराती छापी आणि लग्नसराईत पत्रिका छापी. आसपासच्या गावांत त्याचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. त्याच्या छपाईला कधी डाग नसे. ‘दाजीबाचा कागद डागत नाही,’ असं लोक म्हणत. दाजीबा स्वतः तर ते जरा जास्तच वेळा म्हणे.

खरं पाहिलं तर यात निम्मा वाटा त्याच्या बायकोचा होता. गिरजा यंत्राशेजारी पाट टाकून बसे. दाजीबाने छापलेला कागद काढून ठेवला, की ती त्यावर एक कोरा कागद अलगद टेकवी. मग पुढचा छापील, मग पुन्हा कोरा. ओल्या शाईवर दुसरा छापील कागद पडला, तर खालची अक्षरं वरच्याच्या पाठीला लागतात, तीही आरशातल्यासारखी उलटी. मधला कोरा कागद तो डाग आपल्या अंगावर घेई आणि दोन्ही बाजूंचे कागद स्वच्छ राहत.

“तुम्ही छापता, मी झाकते,” असं गिरजा हसून म्हणे. दाजीबाला मात्र ते काम अगदीच किरकोळ वाटे. कागदावर कागद ठेवायचा, त्यात काय मोठंसं?

एकदा गिरजा बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. नेमका तेव्हाच घोंगडीवाला सोनाजी पत्रिकेचं काम घेऊन आला. त्याच्या मंजुळेचं लग्न ठरलं होतं.

“दाजीबा, दुपारपर्यंत द्या,” सोनाजी म्हणाला. “देवापुढं ठेवायच्या आहेत. उद्या सकाळच्या गाडीने मेहुणा त्या घेऊन गावोगाव निघणार आहे.”

“दुपारी या आणि घेऊन जा,” दाजीबा म्हणाला.

ही मंजुळा पाळण्यात होती तेव्हाच तिची आई वारली होती. तिला वाढवलं ते तिच्या आत्याने, सगुणाने. सगुणाआत्या लहान वयातच विधवा होऊन भावाच्या घरी आली होती. मंजुळेला न्हाऊमाखू घालणं, तापात मांडीवर घेऊन बसणं, भाकरी थापायला शिकवणं, सारं तिनेच केलं. पण त्या काळी नवरा वारलेल्या बाईचा हात शुभकार्याला लागू नये असं लोक मानत. म्हणून लग्न ठरल्यापासून सगुणाआत्या दळणकांडण करी, भांडी घाशी आणि हळदीकुंकवाचं तबक पुढे आलं की मागच्या दारी जाऊन बसे.

दाजीबाने लाल शाई लावली आणि कामाला सुरुवात केली. एकट्याने छापायचं आणि एकट्यानेच मधे कोरा कागद घालायचा, म्हणजे दर वेळी यंत्र थांबवायला हवं. दुपार तर चढत आली होती. एक दिवस कागद नाही घातले तर काय होतंय, असं तो मनाशी म्हणाला. आणि छापलेल्या पत्रिका त्याने एकावर एक रचत नेल्या. चळत चांगली उंच झाली.

काम संपत आलं तेव्हा सगुणाआत्या एकटीच छापखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिला घरी धीर धरवेना.

“जरा बघू का?” तिने विचारलं. “मला वाचता येत नाही. मंजूचं नाव कुठं आलंय तेवढं दाखवा.”

“हे काय, मधोमध. सगळ्यांत मोठं,” दाजीबाने दाखवलं आणि तो हात धुवायला मागे गेला.

सगुणाआत्या चळतीवर वाकली. झोपलेल्या लेकराच्या केसांवरून फिरवावं तसं तिने त्या नावावरून बोट फिरवलं. नाव ओढलं गेलं. आत्याने बोट पाहिलं. ते लाल झालं होतं.

ती काही बोलणार, तोच सोनाजी आत आला. मागोमाग त्याच्या वहिनी अंबूकाकू आल्या. त्या घरात अंबूकाकूंचा शब्द कोणी मोडत नसे. त्यांनी वरची पत्रिका पाहिली आणि दुसरी उचलली. ती खालच्या पत्रिकेला चिकटली होती. चर्र आवाज करत सुटली. तिच्या पाठीवर लाल डाग होते. तिसरीच्याही होते. चौथीच्याही. साऱ्या चळतीची तीच गत झाली होती.

“वन्सं, बोट बघू,” अंबूकाकू म्हणाल्या.

सगुणाआत्याने हात पदराखाली नेला होता. तो तिने हळूच बाहेर काढला.

“तरी मी सांगत होते, या कामात पुढं पुढं करू नका. लागला ना हात? पहिल्याच कामाला हे असं. आता पुढं काय काय बघायचं कोण जाणे.”

सोनाजी गोंधळला. तो दाजीबाकडे वळला. “पण दाजीबा, तुमचा कागद तर डागत नाही ना?”

दाजीबाला कारण तिथल्या तिथे कळलं होतं. शब्द त्याच्या ओठांवर आला होता. पण तो उच्चारायच्या आधीच सगुणाआत्या म्हणाली, “माझाच हात लागला.”

आणि दाजीबाने तो शब्द गिळला. “पुन्हा छापून देतो,” एवढंच तो म्हणाला.

सोनाजी आणि अंबूकाकू निघून गेले. सगुणाआत्या क्षणभर मागे राहिली.

“दाजीबा, तुमची मेहनत वाया घालवली मी. मनात धरू नका. मी आजच माझ्या मामांच्या गावी जाते. लग्न पार पडलं की येईन.”

“लग्नाला थांबणार नाही?”

“नको. उद्या पोरीच्या संसारात साधं दूध उतू गेलं, तरी माझ्या हाताची आठवण निघायची. ते तिला ऐकावं लागू नये.”

असं म्हणून ती गेली. तिने उंबऱ्याबाहेर जाऊन लुगड्याच्या टोकाला बोट पुसलं. रंग काही जाईना.

दाजीबा कामाला लागला. यंत्र चालू केलं आणि बंद केलं. पुन्हा चालू केलं आणि पुन्हा बंद केलं. शेवटी तो त्या वाया गेलेल्या चळतीजवळ जाऊन बसला. एक पत्रिका त्याने उलटी करून पाहिली. पाठीवर मंजुळेचं नाव उमटलं होतं, उलट्या अक्षरांत. ते बोटाने पुसलेलं नव्हतं. जसंच्या तसं उमटलं होतं. बोट लागलं होतं ते फक्त एका कागदाला.

हे ओळखणारा गावात दुसरा कोणी नव्हता. चळत चुलीत घातली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. छापखान्याचं नाव राहिलं असतं. आणि एक बाई, जिने पोर वाढवली, ती त्याच पोरीच्या लग्नाच्या दिवशी परक्या गावी भिंतीला टेकून बसली असती.

दाजीबाने चळत काखेत मारली, दाराला कडी घातली आणि शाईने माखलेल्या कपड्यांनीच तो सोनाजीच्या घरी निघाला.

सोनाजीच्या घरी सगुणाआत्या गाठोडं बांधत होती. मंजुळा तिच्यासमोर बसली होती. तिने गाठोड्याचं एक टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं, त्यामुळे गाठ काही बसत नव्हती.

दाजीबाने ओटीवर चळत ठेवली. “सगळे जरा इकडे या,” तो म्हणाला.

सोनाजी आला. अंबूकाकू हातातलं सूप घेऊनच आल्या. दाजीबाने वरची पत्रिका दाखवली.

“हे आत्याबाईंचं बोट. अक्षर ओढलं गेलंय बघा.” मग त्याने खालच्या पत्रिका एकेक उलट्या करून मांडल्या. “आणि हे डाग. यात कुठं काही ओढलंय का? नाव जसंच्या तसं उलटं उमटलंय. पार तळापर्यंत. वरून बोट लावणारीचा हात तळाच्या कागदाला कसा पोहोचेल? मी मधे कोरे कागद घातले नाहीत. ओल्यावर ओलं रचलं. डाग माझ्यामुळे पडले.”



“मग हे तिथंच का नाही बोललात?” अंबूकाकूंनी विचारलं.

“लाज वाटली. आत्याबाईंनी दोष आपल्या अंगावर घेतला, तो मी घेऊ दिला.”

“म्हणजे दाजीबाचा कागद डागतो तर.”

“डागतो, काकू. बाजारात सांगा खुशाल.”

“सांगणारच आहे,” अंबूकाकू म्हणाल्या आणि सूप उगाचच आपटू लागल्या. सोनाजीला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं.

“आता एक मागणं आहे,” दाजीबा म्हणाला. “पत्रिका आजच पुन्हा छापतो. पण मधे कागद घालायला माणूस हवं. गिरजा घरी नाही. या कामाला हात हलका लागतो. आत्याबाईंना पाठवा.”

“वन्संनाच कशाला? गाव ओस पडलंय का?”

 उत्तर दिलं ते मंजुळेने. तिने गाठोडं ओढून आपल्या मांडीवर घेतलं होतं.

“काकू, माझी वेणी कोणी घातली आजवर? त्या हाताला तेव्हा नाही कोणी अडवलं. आत्याचा हात लागलेल्या पत्रिका नको असतील, तर मला पत्रिकाच नकोत. तोंडी बोलावणं करा.”

ती हे मोठ्याने बोलली नाही. पण सोनाजी उठून उभा राहिला.

“अक्का, चल,” तो बहिणीला म्हणाला. “मी तुला पोचवतो. उन्हं उतरायच्या आत व्हायला हवं.”

सगुणाआत्या छापखान्यात गिरजाच्या पाटावर बसली.  सुरुवातीला ती कागद पुढे करी आणि मागे घेई.

“सरकवायचा नाही,” दाजीबाने समजावलं. “वरून सोडायचा. नुसता टेकला पाहिजे.”

आत्याने एक कागद सोडला. मग दुसरा. मग ती जरा हसली. “म्हणजे तान्ह्या बाळावर दुपटं घालतो तसंच की. त्याला कळता कामा नये.”

“अगदी तसंच,” दाजीबा म्हणाला.

यंत्र चालू राहिलं. एक छापील, एक कोरा. एक छापील, एक कोरा. दाजीबाने चळत उंच होऊ दिली नाही. लहान लहान चळती करून त्याने फळीवर अंतराने मांडल्या. त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, की गिरजा रोज किती मन लावून बसत असेल. ती आली की तिला हे सांगायचं, असं त्याने ठरवलं.

काम संपलं तेव्हा सगुणाआत्याने विचारलं, “आता?”

“आता हात लावायचा नाही. सकाळपर्यंत त्यांना तसंच राहू द्यायचं. शाईला घाई चालत नाही.”

“माणसालाही चालत नाही,” आत्या म्हणाली आणि पदर खोचून उठली.

तिचं गाठोडं त्या संध्याकाळी मंजुळेने सोडलं आणि लुगडी पुन्हा दांडीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीबाने कोरे कागद एकेक करून बाजूला काढले. एकाही पत्रिकेवर डाग नव्हता. त्याने त्या सोनाजीच्या घरी नेऊन दिल्या. अंबूकाकूंनी हळदीकुंकवाचं तबक आणलं, थोडा वेळ हातात धरलं आणि मग ते सगुणाआत्यापुढे केलं. सगुणाआत्याने पहिली पत्रिका देवापुढे ठेवली, आणि बाकीच्या घेऊन सोनाजीचा मेहुणा गाडीला गेला.

तात्पर्य: चूक हातून होते, ती सुधारताही येते, पण आपण गप्प राहून तिचा दोष दुसऱ्याच्या कपाळी जाऊ दिला, तर ते तिच्याहून मोठं पाप. ज्याने आपल्यासाठी डाग अंगावर घेतला, त्याला चारचौघांत स्वच्छ करणं हे आपलंच काम आहे.