येसबानं शॉट मोजले

पिंपळपार गावात येसबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. उंचीला ताडमाड, हात लांबलचक, मन सोन्यासारखं. डोकं मात्र सांगितलं तेवढंच चालायचं. तालमीचे हिंदुराव वस्ताद 'बस' म्हणाले की तो बसायचा, आणि 'ऊठ' म्हणायला विसरले की बसल्या जागी उपाशी राहायचा. वस्तादांवर त्याचा फार जीव. वस्तादांचाही त्याच्यावर होता, म्हणून तर पुढचा सगळा घोटाळा झाला.

आता त्या भागात तालमीत कुस्ती चालते आणि तालमीच्याच नावानं फुटबॉलही चालतो. पिंपळपारचा संघ वस्तादांच्या बापापासून लीगच्या वरच्या गटात होता. पण त्या साली काय झालं कुणास ठाऊक, पोरं हरतच सुटली. रविवारी संध्याकाळी शेवटचा सामना होता हौदवाडीशी. जिंकलं तर वरच्या गटात राहायचं. बरोबरी झाली तरी खालच्या गटात. 

अशात वस्तादांनी टीव्हीवर काहीतरी पाहिलं. शनिवारी सकाळी येसबाला हाक मारली.

"येसबा, ती परदेशातली माणसं शॉट मोजत्यात. कुणी किती मारले, कुठनं मारले, गोलात किती गेले. मग बरोबर कळतं, संघ कसा उभा करायचा. आपल्या सामन्याआधी मैदानावर तीन सामने हैत. तू बसून मोज."

"मोजतो की. कसं मोजू?"

"हे चिंचोके घे. गोलाला कुणी मारलं की एक चिंचोका डाव्या खिशातनं उजव्या खिशात टाकायचा."

"कुणीबी मारलं तरी?"

"कुणीबी."

येसबा गेला. मन लावून मोजलं. सामना सुटल्यावर परत आला तेव्हा उजवा खिसा फुगून लोंबत होता.

वस्ताद हरखले. "आरं वा! एवढे शॉट? सगळ्यात जास्त मारले कुणी?"

"गोलकीपरनं."

"गोलकीपरनं? कुठल्या गोलाला?"

"स्वतःच्याच की. बुटाला चिखल लागला होता, तर खांबाला लाथा मारून मारून झाडत होता. एक बी चुकला न्हाई, वस्ताद! त्याला आपल्यात घ्या. त्याच्या खालोखाल एका म्हशीनं शिंगं मारली."

वस्तादांनी कपाळाला हात लावला.

"आरं बाबा, म्हस कशाला मोजायची? खेळाडूनं पायानं मारलेला शॉट धरायचा. पायानं! ध्यानात ऱ्हाईल?"

"पायानं. न ऱ्हायला काय झालं?"

दुपारचा दुसरा सामना. येसबानं डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. तो सामना तर असा रंगला की बघणारे घसा बसेपर्यंत ओरडले. संध्याकाळी वस्तादांनी विचारलं, "काय निकाल?"

"तीन-दोन."

"मग गोलात गेलेले शॉट पाच झाले."

"एक बी न्हाई."

"आरं, मग पाच गोल काय आभाळातनं पडले?"

"डोक्यानं मारले. सगळे डोक्यानं. मी कशाला धरतोय? तुमीच म्हनला, पायानं."

"मग हा खिसा कशानं भरलाय?"

"पायानं मारलेले हैत. एका संघाच्या पुढच्या पोरानं दुसऱ्या संघाच्या मागच्याला नडगीवर लाथ मारली, ती धरली. मागच्यानं ह्याच्या पोटरीवर मारली, ती बी धरली. शेवटी शेवटी तर दोन्ही संघ मारत होते, चिंचोके पुरंनात!"

वस्तादांनी मिशीवरनं हात फिरवला. रागावून उपयोग नव्हता, येसबाच तो. शेवटी म्हणाले, "हे बघ, कुणी मारलं, कशानं मारलं, सगळं सोडून दे. कुठनं मारलं तेवढं बघ. जवळनं मारलं का लांबनं, त्यावरच सगळं असतंय म्हणं. जागा पक्की ध्यानात ठेव."

"आनि इसरली तर?"

"तर खूण करून ठेव!"

झालं! हे बोलायला नको होतं.

रविवारी सकाळी तिसरा सामना सुरू झाला आणि येसबा फक्कीची पाटी डोक्यावर घेऊन मैदानात उतरला. फक्की म्हणजे तीच, मैदान आखायची पांढरी भुकटी. कुणी शॉट मारला की हा धावत जायचा आणि तिथं मूठभर फक्की टाकायचा. पंचांना आधी वाटलं, हा कमिटीचाच माणूस असेल. हळूहळू सगळं मैदान पांढरं व्हायला लागलं. मग एक पेनल्टी मिळाली, तर पेनल्टीचा ठिपका कुठला हेच कुणाला कळेना. नऊ-दहा ठिपके होते. दोन्ही संघ आपापल्या सोयीचा ठिपका दाखवून भांडायला लागले.

तरीही निभावलं असतं. पण तेवढ्यात एक पोरगा चेंडू घेऊन सुटला, पुढं गोल मोकळा, पोरानं पाय उचलला आणि येसबानं मागनं येऊन तो पाय दोन्ही हातांनी धरला.

"जरा थांबा हं, पावनं. हालू नका. खाली खूण तेवढी करून घेतो."

पुढं काय झालं ते विचारू नका. लोक मैदानात घुसले. पंचांनी येसबाला बाहेर काढलं आणि वस्तादांना बोलावून चारचौघांत झापलं. एवढ्या वर्षांत वस्तादांना कुणी चढ्या आवाजात बोललं नव्हतं. ते खाली मान घालून येसबाला एका बाजूला घेऊन गेले. 

"येसबा, माझ्या गळ्याची शपथ घे."

"घेतली, वस्ताद."

"हितनं पुढं मधी पडायचं न्हाई. चेंडू जाईल तिकडं जाऊ दे. कुनाला धरायचं न्हाई, कशाला हात लावायचा न्हाई, पाय लावायचा न्हाई. नुसतं बघायचं आनि मोजायचं."

"नुसतं बघायचं आनि मोजायचं," येसबा म्हणाला. वस्तादांचे पाणावलेले डोळे बघून त्यालाही रडू आलं. त्यानं मनाशी ठरवलं, आता जीव गेला तरी चुकायचं नाही.

संध्याकाळी हौदवाडीशी सामना सुरू झाला. काय खेळली म्हणता पोरं! सगळं गाव मैदानाच्या कडेला उभं होतं. पहिल्या अर्ध्यात पिंपळपारनं एक गोल चढवला आणि मग जीव खाऊन तो राखला. वस्ताद देवाचं नाव घेत येरझाऱ्या घालत होते. सामना संपायला थोडकी मिनिटं राहिली आणि आपला गोलकीपर हातावर पडला. मनगट टम्म सुजलं. दुसरा गोलकीपर बहिणीच्या लग्नाला गेलेला. बदली खेळाडू सगळे खेळून झालेले. यादीत एकच नाव उरलं होतं. पंधरा नावं भरायचीच म्हणून वस्तादांनी येसबाचं नाव घातलं होतं.

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं. ताडमाड उंची, लांबलचक हात.

"जा बाबा," ते म्हणाले. "गोलात जाऊन उभा ऱ्हा. तू उभा ऱ्हायलास तरी गोल झाकतोय."

येसबा गेला. उभा राहिला. डाव्या खिशात चिंचोके चाचपून बघितले.

हौदवाडीच्या पोरानं लांबनं शॉट मारला. मारला म्हणजे काय, घसरत घसरत पायाला लागला. चेंडू आपला रमतगमत, शेजारणीकडं विरजण मागायला निघाल्यासारखा गोलाकडं यायला लागला. थेट येसबाच्या पायाशी.

"आडव!" सगळं गाव ओरडलं.

येसबानं बघितलं, आपण वाटेत येतोय. तो अदबीनं बाजूला झाला. चेंडू रेषेच्या अलीकडं वीतभर येऊन थांबला. येसबानं वाकून नीट बघितलं. गोल नाही. एक चिंचोका डावीकडून उजवीकडं टाकला.

"उचल! आरं, उचल तो!"

बचावाला खेळणारा आपला संपत चेंडू लांब मारून लावायला धावत आला. येसबानं दोन्ही हात पसरून त्याला अडवला. "मधी पडायचं न्हाई, संपतराव. वस्तादांनी सांगितलंय." दोघांची हुज्जत चालली असताना हौदवाडीचा पोरगा दबकत दबकत आला. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"मारू का?" त्यानं विचारलं.

"मला काय इचारताय?" येसबा म्हणाला. "मी फकस्त मोजायला हाय."

पोरानं बोटानं ढकलावा तसा पायानं चेंडू आत ढकलला. पंचांनी गोलाची शिट्टी वाजवली, आणि थोड्या वेळानं सामना संपल्याचीही. एक-एक. पिंपळपार खालच्या गटात गेलं.

वस्ताद तसेच मैदानात आले. पाय ओढत गोलापाशी पोचले. रडत रडत म्हणाले, "येसबा, चेंडू तुझ्या पायाशी होता रं! नुसता पाय लावायचा होता!"

येसबाचेही डोळे भरून आले. त्यानं वस्तादांचे दोन्ही हात धरले.

"मलाबी लई वाटत होतं, वस्ताद. पाय नुसता शिवशिवत होता. पन तुमच्या गळ्याची शपथ होती. मोह आवरला!"