कानपिळीचा व्हिसा

एकदा एक शिष्य भर उन्हात गुरुजींच्या दारात उभा होता.

"गुरुजी, मी मुकुंदा."

"येण्याचं प्रयोजन?" आतून आवाज आला.

शिष्याने कपाळाला हात लावला. लहानपणापासून तो या घरात येत होता. "आशीर्वाद हवाय. चारूचं तिकडे परदेशात लग्न आहे. मी एकुलता भाऊ. नवरदेवाचा कान पिळायला मीच लागतो. उद्या व्हिसाची मुलाखत."

"किती वेळ राहणार?"

"तिथे?"

"इथे."

"पाच मिनिटं. पाय भाजताहेत, गुरुजी."

"परत जाशील याची खात्री काय?"

"तुमच्याकडे कधी जेवायला मिळालंय, म्हणून राहीन?"

"कधी गुन्हा शाबीत झालाय?"

"नाही."

खाडकन आतून कडी लागली. म्हणजे इतका वेळ दार नुसतं लोटलेलं होतं. शिष्य पुरता वैतागला.

"अहो, व्हिसाचा एजंटच म्हणाला, 'नाही' सांग. आणि तुम्हाला काय ठाऊक नाही? जामीन तुम्हीच राहिला होतात."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

शिष्याने सांगितलं. मामेबहिणीच्या लग्नात, नवरदेव समजून त्याने ज्याचा कान पिळला, तो बँड बंद करायला आलेला फौजदार होता. कुणीतरी हौसेने त्यालाही फेटा बांधला होता. सरकारी कामात अडथळा. दंड, शिवाय कोर्ट उठेपर्यंत कैद.

कडी निघाली.

"मुकुंदा," गुरुजी म्हणाले, "जुना गुन्हा ऐकून तिथला साहेब दार उघडेल किंवा नाही उघडणार. कागद मागेल, ताटकळत ठेवेल. पण खोटं सापडलं, तर तो गुन्हा कोणता हेसुद्धा विचारणार नाही. कडी लावून मोकळा होईल. त्या गुन्ह्याची शिक्षा तू भोगलीस. उद्याचं खोटं मात्र ताजं असेल."

"आणि तिथे जाऊन काय करणार, असं विचारलं तर?"

"खरं सांग," गुरुजी म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबाने सगळं ऐकून पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही पुन्हा तेच करायला चालला आहात?"

"हो. या वेळी नवरदेवाचाच."

साहेबाने कोर्टाचा निकाल मागवला, दंडाची पावती मागवली, मग कानपिळी म्हणजे काय याचा खुलासा मागवला. व्हिसा मिळाला तेव्हा लग्न उरकलं होतं. शिष्य चरफडत गुरुजींना जाब विचारायला निघाला, तेवढ्यात चारूचा फोन आला.

"दादा, ये तू. ह्यांचा कान कुणाला धरू दिला नाहीये."

शिष्य वाटेतूनच परत फिरला आणि बॅग भरायला बसला.