मंगळवारी सकाळी अकरा वाजता

एका गावात एक शिंपी होता आणि त्याच्या दुकानाचं नाव होतं ‘कलेक्टर टेलर्स’. त्यानं आयुष्यात कलेक्टर जवळून पाहिलाही नव्हता, मग त्याचा सदरा शिवणं तर दूरच. तरी पाटी तीच होती, चांगली लालभडक, आणि तिला कारण होतं.

शिंप्याचं नाव दत्तोबा पतंगे. त्याची मुलगी वृषाली दहावीला शाळेत पहिली आली. पहिल्या आलेल्या मुलाचा त्या गावात दरवर्षी सत्कार होतो. शाल, नारळ, पाहुण्यांचं न संपणारं भाषण, आणि शेवटी मुलाच्या हातात माईक देऊन सरपंच विचारतात, “पुढं काय व्हायचं ठरवलंय?” या प्रश्नाला गावात एकच उत्तर चालायचं. आदल्या वर्षीचा मुलगा ‘कलेक्टर’ म्हणाला होता, त्याच्या आधीची मुलगीही ‘कलेक्टर’च म्हणाली होती. आजवर त्यातलं कुणी झालं नव्हतं, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. वृषालीच्या हातात माईक आला. तीही म्हणाली, “कलेक्टर.” टाळ्यांचा कडकडाट झाला. दत्तोबाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी त्यानं पेंटर बोलावला.

बाकीची मुलं आपलं उत्तर विसरून गेली. वृषालीची तशी सोय नव्हती, कारण घराची वाट दुकानातूनच होती. रोज त्या पाटीखालून आत शिरायचं आणि त्या पाटीखालून बाहेर पडायचं. गावातले लोक कौतुकानं तिला ‘कलेक्टरीणबाई’ म्हणायचे. तालुक्याच्या कॉलेजात तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं, त्यात तिचं मन रमलं, आणि बघता बघता शेवटचं वर्ष आलं. निकाल लागला की पुण्याला जायचं, स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचा, हे दत्तोबानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. वृषालीनं नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला तरी काही ठाऊक असावं लागतं ना!

तयारी आधीच सुरू करावी म्हणून ती एकदा कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. तिथल्या ग्रंथपाल कुलथे मॅडम. त्यांची एक खोड साऱ्या कॉलेजला माहीत होती. करिअरच्या कपाटातलं पुस्तक कुणी मागितलं की त्या शिक्का हातात धरून ठेवायच्या आणि विचारायच्या, “हा माणूस मंगळवारी सकाळी अकरा वाजता काय करत असतो?”

मंगळवारच का, तर सोमवारी सगळ्यांनाच हुरूप असतो आणि शनिवारी सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. काम खरं कसं असतं ते मंगळवारी दिसतं, असं मॅडमचं म्हणणं. मुलं पगार सांगायची, बंगला सांगायची, गाडी सांगायची. पोलीस अधिकारी व्हायला निघालेल्या एकानं खांद्यावर तारे किती असतात तेही सांगितलं. मंगळवारचं विचारलं की मात्र सगळे वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत बसायचे.

“मीटिंग घेत असतो,” वृषाली म्हणाली.

“कशाची?”

वृषालीनंही पंख्याकडे पाहिलं. मॅडमनी शिक्का मारला. “पुस्तक ने. परत आणशील तेव्हा उत्तरही आण.”

वृषाली वाचू लागली. एका पुस्तकावर भागेना. मॅडमनी निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी काढून दिल्या, मासिकांचे जुने अंक दिले, सरकारी अहवाल कुठं सापडतात ते संगणकावर दाखवलं. करिअरच्या त्या कपाटातली एक गंमत तिच्या लक्षात आली. प्रत्येक पुस्तकात पगाराचं पान बोटं लागून लागून काळं झालं होतं आणि ‘कामाचं स्वरूप’ या पानाला कुणाचा हात लागलेला नव्हता. ती कोरी पानंच तिनं आधी वाचली.

तिला उत्तर मिळालं. जमिनीच्या वादाची सुनावणी चाललेली असते, बाहेर माणसं ताटकळलेली असतात, फोन थांबत नाही, आणि दुपारच्या आत असा निर्णय द्यायचा असतो की ज्यानं दोघांतला एक नक्की नाराज होणार. दिवसभर माणसं, माणसं आणि माणसं. काम मोठं होतं. ते करणाऱ्यांविषयी तिला फार आदर वाटला. आणि हे आपल्याला करावंसं वाटत नाही, हेही तिला तिथंच कळलं. पहिली आठवण आली ती पाटीची.

पुस्तक परत करताना तिनं उत्तर नीट सांगितलं.

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या. “मग?”

“मला ते नको वाटतंय, मॅडम.”

मॅडमनी शाबासकी दिली नाही की उपदेश केला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “कपाट मोठं आहे.”

मग वृषालीनं त्या कपाटाची पाठच धरली. शिक्षक झाले, बँक झाली, औषधांचे कारखाने झाले, वनखातं झालं. प्रत्येकाला ती मंगळवारचे अकरा विचारायची. कुठं जीव रमला नाही. आणि एका दुपारी तिच्या हाती बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. तिथं मंगळवारी अकरा वाजता ओल्या कागदाची गुंडाळी उघडतात. आत मांडून ठेवलेलं बी अंकुरलं का, कोंब सरळ आहे का वाकडा, की बी नुसतंच कुजलं, हे चिमट्यानं एकेक उचलून बघतात. बी नापास झालं तर ते विकता येत नाही. वृषालीला आपल्या गावातलं ते साल आठवलं. साऱ्या शिवारात सोयाबीन पेरलं आणि उगवलंच नाही. शेजारच्या काकू बांधावर बसून नुसत्या मातीकडे बघत होत्या. म्हणजे पेरण्याआधीच हे ओळखणारी माणसं असतात तर! ती वाचतच राहिली. पंखे बंद झाले तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की ग्रंथालय रिकामं आहे आणि मॅडम कुलूप हातात घेऊन उभ्या आहेत.

“पुस्तकात सगळं नसतं,” मॅडम म्हणाल्या आणि अशाच एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आपल्या जुन्या विद्यार्थिनीला त्यांनी फोन लावला. वृषाली तिकडे जाऊन आली. गेली ती अर्थातच मंगळवारी. त्या ताईंनी तिच्या हातात चिमटा दिला. परत येताना एसटीत बसायला जागा मिळाली नाही, आणि उभं राहून आपले पाय दुखताहेत हे तिला घरी आल्यावर कळलं.

पण घरी पाटी होतीच. त्यातून निकाल लागला, वृषाली पहिल्या वर्गात आली, आणि यंदाच्या सत्काराला तिलाच पाहुणी म्हणून बोलावणं आलं. चौकात फलक लागला. त्यावर तिचा फोटो आणि खाली ‘भावी कलेक्टर’. गप्प बसणं सोपं होतं. तयारी चालू आहे एवढं म्हटलं की पुन्हा टाळ्या मिळाल्या असत्या, आणि तिची आणखी काही वर्षं पाटीखाली गेली असती.

सत्काराच्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली. दत्तोबा एका निळ्या कोटाला काजं करत होता. मुलाखतीला लागेल म्हणून त्यानं लेकीसाठी आत्तापासूनच कोट शिवायला घेतला होता. वृषालीनं कोटाची बाही हातात घेऊन पाहिली. मग तिनं विचारलं, “अण्णा, मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करता?”

“हे काय विचारणं झालं? काजं करतो. त्या वेळी दारातनं उजेड झकास येतो.”

“कंटाळा नाही येत?”

“कंटाळा?” दत्तोबा हसला. “तुला म्हणून सांगतो. माझ्या वडलांना मला पोलिसात घालायचं होतं. छाती मोजायला घेऊन गेले होते. टेप लावली तसा मी हळूच श्वास सोडून दिला.”

दोघंही खूप हसली. मग वृषालीनं सगळं सांगितलं. दत्तोबाचं हसू मावळलं. तो हातातल्या कोटाकडे बघत राहिला.

“गाव काय म्हणंल?”

“हसेल. पण जे म्हटलं ते माईकवरच म्हटलं होतं, अण्णा. आता हेही तिथंच सांगायला हवं.”

दत्तोबानं सुई कोटात खोचून ठेवली. मग तो म्हणाला, “सांग. माझ्यासारखा श्वास चोरू नकोस.”

वृषालीनं सांगितलं. सरपंच उगाच खाकरले. मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजी बियाण्याचं दुकान टाकणार व्हय?” आणि हशा पिकला. तिनं हसू ओसरू दिलं. मग ओल्या कागदाची गुंडाळी सांगितली, चिमटा सांगितला, त्या सालचं सोयाबीन सांगितलं, आणि त्यासाठी आपण पुढं काय शिकणार तेही सांगितलं. सोयाबीन म्हटल्यावर मात्र कुणी हसलं नाही. शेजारच्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

शेवटी माईक यंदा पहिल्या आलेल्या मुलीकडे गेला. सरपंचांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मुलीनं सवयीनं तोंड उघडलं, वृषालीकडे पाहिलं आणि मिटलं. मग ती म्हणाली, “अजून ठरवलं नाही. आधी बघते, मग सांगते.”

पहिली टाळी दत्तोबाची होती.

तो निळा कोट पुढं वृषालीच्या धाकट्या मावशीच्या मुलीला झाला. वृषालीसाठी दत्तोबानं पांढरा शिवला, प्रयोगशाळेत घालायचा, आणि त्याची काजं मंगळवारीच केली. पाटी मात्र अजून तीच आहे. रंग चांगला आहे, उगाच कशाला बदलायची, असं त्याचं म्हणणं. नवं गिऱ्हाईक विचारतं, “कलेक्टर कोण हो?” दत्तोबा सांगतो, “कुणी नाही. आमची पोरगी बियाणं तपासती.” आणि त्या दिवशी मंगळवार असला तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वर म्हणतो, “आत्ता चिमटा हातात घेऊन बसली असंल बघा.”

तात्पर्य: टाळ्या कामाच्या नावाला मिळतात, पण जगायचं असतं ते रोजच्या कामात, म्हणून काम निवडण्याआधी त्याचा एक साधा दिवस शोधून, वाचून, डोळ्यांनी पाहून घ्यावा, आणि जे कळेल ते आपल्या माणसांना श्वास न चोरता सांगावं.