बिनझाडाचं अंगण

"एकही नको? साधी तुळससुद्धा नको, माई?"

"नको."

"मग अंगण सजवायचं कशानं?"

गिरजामाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते तुला ठाऊक. बागा तू करत होतास. मी नव्हे."



बागा रेवण कस्तुरे खरोखरच करत होता. पुण्यात, कोल्हापुरात मोठमोठ्या बंगल्यांच्या दारात त्याच्या हातच्या बागा उभ्या होत्या. माणसं गाडी थांबवून बघायची, घरमालकाला विचारायची, कुणी केली हो? पन्नाशी उलटल्यावर त्यानं तो सगळा व्याप पुतण्याच्या हाती दिला आणि माणदेशातल्या या उघड्या माळावर, माईंच्या मठात येऊन राहिला. मठ कसला, चार खोल्या, एक ओसरी आणि पुढं हे ऐसपैस, रखरखीत अंगण.

आल्यापासून सांगितलं ते त्यानं केलं होतं. पाणी शेंदलं, झाडलोट केली, मठाचा स्वयंपाक करणाऱ्या सगुणाबाईंना चुलीपाशी लाकडं नेऊन दिली. आणि आज माईंनी आपणहून अंगणाचं काम त्याच्यावर सोपवलं, तर ही अशी अट!

"माई, ठिबक टाकतो. पाणी अगदी थेंबाथेंबानं लागेल."

"विहिरीत आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या घशाला पुरत नाही, रेवणा. आणि दुसरं असं…"

माई थांबल्या. हातातली शेंग फुटली.

"झाडं आपली आपण वाढतात. नाव मात्र माळ्याचं होतं."

हे त्याला झोंबलं. तो तडक फाटकापाशी जाऊन उभा राहिला. तिथून त्यानं अंगणाकडं बराच वेळ पाहिलं.

'बघाच आता,' तो मनाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून रेवण माळावर दिसू लागला. कोरड्या ओढ्यात उतरायचा आणि वाकून वाकून गोटे वेचायचा. निळसर वेगळे, करडे वेगळे. शेतांच्या बांधांवर पडलेल्या पांढऱ्या गारगोट्या पाटीत भरून आणायचा. गावात घरोघर फिरून त्यानं फुटकी जाती मागितली, झिजलेले पाटे मागितले, कुणाच्या परड्यात उलटी पडलेली उखळं मागितली. बायकांना हसू यायचं. पण द्यायच्या.

पलीकडच्या बंद पडलेल्या खाणीत त्याला काळ्या पाषाणाच्या उंच शिळा सापडल्या. त्या ट्रॅक्टरनं आणवल्या. पाथरवट बोलावले. स्वतः छिन्नी धरली. हातांना घट्टे पडले, एका बोटाचं नख गेलं, तरी काम थांबलं नाही. शिळा उभ्या करताना तो फाटकात उभा राहून ओरडायचा, "जरा डावीकडं! आणखी… हां, बस्स!"

अंगण पुरं झालं तेव्हा उन्हाळा सरत आला होता.

आणि काय झालं होतं ते अंगण! तांबड्या मुरमाची जमीन चोपून चोपून सपाट केलेली. तिच्यातून फाटकापासून आतपर्यंत वळणं घेत गेलेला दगडगोट्यांचा ओढा. थेंबभर पाणी नव्हतं त्यात, पण कलत्या उन्हात गारगोट्या अशा चमकायच्या, की फाटकात आलेला माणूस हटकून म्हणायचा, "आँ! पाणी वाहतंय की!" ओढ्याच्या काठाला जाती आणि उखळं, जणू धुणं धुवायला बायका जमल्यात. आणि त्यापलीकडं त्या शिळांची रांग. गुळगुळीत, काळीभोर, कुणी ताठ उभी, कुणी किंचित झुकलेली. ओल्या फडक्यानं पुसल्या की त्यांच्यात आभाळ दिसायचं.

गाव लोटलं. शेजारच्या गावांतून माणसं आली. तालुक्याहून फोटो काढायला आली.

सगुणाबाई म्हणाल्या, "रेवणदादा, हिरवं पान नाही, पण नजर कशी गार होते."

मग एक दिवस पुण्याहून राजोपाध्ये आला. बागांच्या धंद्यातला रेवणचा जन्माचा प्रतिस्पर्धी. वीस वर्षांत त्यानं रेवणच्या कामाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. फाटकात उभा राहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कस्तुरे," तो म्हणाला, "झाड नाही आणि बाग आहे. मला हे जमलं नसतं."

रेवणचा ऊर भरून आला. ज्या शब्दांसाठी अर्धं आयुष्य झुरलो, ते इथं या माळावर मिळाले. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

पण माई…

माई बोलल्याच नाहीत. रोज सकाळी ओसरीवर येऊन बसायच्या. आल्यागेल्याचं ऐकून घ्यायच्या, दोन शब्द सांगायच्या, पाणी विचारायच्या. अंगणाबद्दल चकार शब्द नाही. चांगलं नाही, वाईट नाही. रेवण मुद्दाम हातात गोटे घेऊन ओसरीपुढून जा-ये करायचा. माई त्याला विचारायच्या, "जेवलास का?"

असे बरेच दिवस गेले. सगळ्या मुलखाचं कौतुक एका बाजूला आणि ही एक म्हातारी एका बाजूला. कौतुक हलकं पडायला लागलं. शेवटी एका दुपारी त्यानं कपडे पिशवीत भरले आणि पिशवी खांद्याला लावून तो ओसरीपाशी आला.

"माई, मी निघतो."

"बरं."

त्याला वाटलं होतं, का म्हणून विचारतील. तो जागचा हलला नाही.

"तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत, माई!"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय? अंगणाबद्दल! पुण्याहून माणसं येऊन मान डोलावून गेली. राजोपाध्ये, जो कुणाला चांगलं म्हणत नाही, तो म्हणाला, मला जमलं नसतं. आणि तुम्ही… रोज इथंच बसता. तुमच्या डोळ्यांपुढंच आहे ना ते?"

माईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या. घोंगडीवरची आपली जागा रिकामी केली आणि तिच्यावर दोनदा थोपटलं.

"बस."

"मी? तुमच्या जागेवर?"

"बस म्हणते ना."

तो संकोचून बसला. पिशवी मांडीवर घेतली. आणि समोर पाहिलं.

समोर ओढा नव्हता. गारगोट्या नव्हत्या. शिळांच्या रांगेनं ते सगळं झाकून टाकलं होतं. इथून दिसत होत्या फक्त शिळा. त्याही पाठीकडून. खडबडीत, फुटक्या, जागोजागी टवके उडालेल्या. खाणीतल्या सुरुंगाची भोकं तशीच. बुडाशी डबर ठासलेलं, त्यावर सिमेंटचे ओघळ सुकलेले. एका शिळेला पाथरवटानं टेकू दिलेलं लाकूडसुद्धा काढायचं राहून गेलं होतं.

रेवण बघत राहिला.

इतके महिने तो इथंच राबला होता. या ओसरीवर येऊन एकदाही बसला नव्हता.

"तुम्ही… रोज हेच बघता?"

"मी दुसरीकडं कुठं बसते?"

आत सगुणाबाईंच्या भाकरी थापण्याचा आवाज तेवढा येत होता.

मग रेवणनं पिशवी खाली ठेवली. कानशिलं तापली होती त्याची, पण डोळ्यांत पुन्हा ती जुनी चमक आली. तो ताडकन उठला.

"माई, मला एक महिना द्या. फक्त एक महिना! पाठीही घडवतो. अशा घडवतो, की फाटकातून बघणारा म्हणेल इकडून सुंदर, आणि ओसरीवरचा म्हणेल, छे, इकडून. असं काम कुणी केलं नसेल. राजोपाध्येला पुन्हा बोलावतो…"

बोलता बोलता तो जवळच्या शिळेपाशी पोचलाही. टेकूचं लाकूड धरलं.

"रेवणा, हात काढ."

आवाज मोठा नव्हता. त्यानं हात काढला.

"पण माई, हे ओबडधोबड… हे तुम्ही किती दिवस बघणार?"

माई आपल्या जागेवर परत बसल्या होत्या. उन्हात तापलेल्या त्या काळ्या खडबडीत पाठींवरून त्यांनी मायेनं नजर फिरवली.

"इथं जो येतो तो घडवलेलं तोंड घेऊन माझ्यापुढं बसतो, बाळा. पाठ उघडी ठेवून बसलेले तेवढे हे दगडच."